शेरा

झेफेरीन कुलासो यांच्या अर्जात
'चाकांची संख्या' या रकान्यापुढे लिहिलंय:
तीन. जमिनीवर असेपर्यंत.

साहेब म्हणाले, जाऊन या, म्हामल बाई,
वरून पत्र आलंय. खाजगी उडतं वाहन
कोसळलं तर कोणावर, एवढंच बघा.

म्हणून मी रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीत.
पुढ्यात एक स्कूटर, तिच्या मागच्या सीटवर
सुंभानं बांधलेला गॅसचा सिलिंडर.
त्याबद्दल आमच्या खात्याचं काही म्हणणं नाही.

दिवाडीला कुलासोंनी ताडपत्री ओढली.
आठ पंखे, एक खुर्ची, काचेला चिकटवलेली सायबीण.
बहारीनला सव्वीस वर्षं हेलिकॉप्टरं दुरुस्त केली, म्हणाले,
आणि एका रात्री इथं, याच धक्क्यावर,
पलीकडच्या फेरीला हाका मारत राहिलो.
मागं गाडीत फेलिसिदाद होती.
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
अर्जात तसा रकानाही नाही.

पक्षी?
घारी बाजू देतात.
विजेच्या तारा?
पाठ आहेत.
आणि पडलात तर?
ते खाजनाकडं बघत राहिले.
भरती चढत होती, मानशीचं दार कुरकुरत होतं.
पडलो तर चिखल आहे, बाय.
'चिखल', मी लिहून घेतलं.

तेवढ्यात डोक्यावरून कोणी खाकरलं.
माडाच्या शेंड्यात रेंदेर, मिंगेल,
पोयेला कोयता लावून, कमरेला दुदिणं.
सरकार कोण, तू? मग लिही.
सकाळ, दुपार, सांज, तीनदा मी इथं असतो.
चाळीस वर्षांत या बाजूनं कोणी आलं नाही.
येतो तर येऊ दे त्याला.
पण माड जवळ आला की हॉर्न मारायला सांग.

कुलासोंनी पंख्यांकडं पाहिलं, मग बुटांकडं.
हॉर्न बसवायचा राहून गेला होता.

परतीच्या फेरीत शेरा लिहिला:
हॉर्न नाही. सबब अर्ज तूर्त परत.
'तूर्त'खाली रेघ मारली,
शाई थोडी फुटली.

दोर सोडता सोडता फेरीवाल्यानं विचारलं,
मंजूर केलंत काय ते?
मग आमचं हो?

मी फाईल पालथी घातली मांडीवर.
नदीत मधोमध आलो होतो.