एक ब्लाउज, पस्तीस किलोमीटर

ज्या काट्यावर बावीस वर्षं लोहखनिज तोललं
त्याच काट्यावर पुरसोनं टिपर चढवला,
रिकामा.
नऊ टन. किलोला चोवीस रुपये.
भंगारवाल्यानं मोबाइलवर गुणाकार केला,
पुरसोनं तोंडी, त्याच्या आधी.
निघताना हॉर्न तेवढा काढून घेतला,
पान्यानं, घाई न करता.

खाण ते धक्का अठरा किलोमीटर.
भरून जायचं, रिकामं यायचं.
वहीच्या शेवटच्या पानावर मी एकदा मांडून बघितलं:
पृथ्वीला वीस वेढे होतात.
आणि सावंतवाडीच्या पलीकडे हा माणूस एकदाच गेलेला,
माझ्या भावाच्या लग्नाला,
तेही बसनं, उलट्या करत.

सोसायटीनं आपलं कर्ज कापून घेतलं.
उरले शहाऐंशी हजार.
घराला रंग काढूया, मी म्हणाले.
तो लेकीचा शाळेतला नकाशा पसरून बसलेला,
बोट तवांगवर.
"तिथं कोण आपलं?"
"कोणीच नाही."
हे त्यानं इतक्या खुशीत सांगितलं
की रंगाचं राहूनच गेलं.

ओमनी मिळाली शिवोलीच्या मासळीवाल्याची, पंचावन्न हजारांना.
लिंबं चोळली, आमसुलाच्या पाण्यानं धुतली,
तरी ऊन चढलं की मागच्या सीटवर
बांगडे येऊन बसतात.
कायतान मेस्त गाडीखाली शिरला.
बराच वेळ नुसते पाय दिसत होते, मग पायांकडून आवाज आला:
"म्हातारी आहे, पण खोटारडी नाही."
नऊ हजार चारशे.
हॉर्न बघून मात्र हसला. शेळीच्या गळ्यात देवळाची घंटा?
पुरसोनं तो फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवला.
मी वहीत लिहिला नाही.

तवांग साडेतीन हजार किलोमीटर,
लिटरला चौदा, लिटर शंभराला.
जवळ होते एकवीस हजार सहाशे.
म्हणजे आम्ही गुवाहाटीपाशी संपत होतो.
"आणि परतीचं?"
"येताना गाडी रिकामी," तो म्हणाला,
"रिकामीला कमी लागतं."

चवथीपर्यंत माझं मशीन धड झोपलं नाही.
शिलाई अडीचशे, म्हणजे अडीच लिटर,
म्हणजे एक ब्लाउज, पस्तीस किलोमीटर.
एकशे चौदा हवे होते. जेवणखाण वेगळं.
सालेलकरांच्या नवरीचे अकरा शिवले
आणि परतीच्या वाटेवर अर्धा बिहार ओलांडला.
हिराबाईनं गळा दोनदा उसवायला लावला;
त्या गळ्यापायी दोन रात्री
मी नागपूरच्या अलीकडे अडकून पडले.

हरमलला सीझन संपताना एक परदेशी पोर सामान विकत होता.
दोन स्लीपिंग बॅगा, सातशेत.
त्याला घरी जायची घाई, आम्हाला घरातून.
एकीची चेन तुटलेली. चेन हे माझं काम.
पाण्याचा कॅन फुकट मिळाला, काजूच्या फेणीचा.
सात वेळा धुतला,
पाणी अजून थोडं बरळतं.

रविवारी चाचणी म्हणून निघालो.
फाट्यावर सरळ जायचं ठरलेलं,
त्याच्या हातांनी डावीकडे घेतलं.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
धक्क्यावर बार्ज एकही नव्हती,
सिमेंटच्या भेगांत घाणेरी फुललेली,
आणि कडेला गळ टाकून एक पोरगा,
आमच्याकडे पाठ.
स्टोव्ह मांडला, पाणी ठेवलं, पत्ती काढली.
जॅक होता, पंक्चरचं सामान होतं,
मच्छरदाणी होती, तापाच्या गोळ्या होत्या.
काडेपेटी नव्हती.

पोराच्या लायटरवर चहा झाला. त्यालाही दिला.
मग पुरसोनं मान मागे वळवून
गाडी रिव्हर्स घेतली,
फाट्यापर्यंत एक शब्द नाही.
मी वही उघडून खाली लिहिलं:
काडेपेट्या, दोन.
"तीन लिही," तो म्हणाला,
"तिथं थंडी असते."