पाठ असलेला तक्ता

नारिनच्या या शाळेत एकतीस हिवाळे
मी पोरांचे डोळे तपासतेय.
भिंतीवरचा तक्ता माझ्याहूनही जुना,
खालच्या कोपऱ्यात त्याच्यावर वाटाण्याएवढा शाईचा डाग.
पहिल्या ओळीत दोनच अक्षरं : श, ब.
मग म, न, क.
दाराबाहेर रांग. आतलं पोर खणखणीत वाचतं,
बाहेरची वीस पोरं ओठांतल्या ओठांत घोकतात.
हे माझ्या लक्षात यायला अकरा वर्षं गेली.

त्या वर्षी बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलं होतं,
शेगडी धुरत होती, जेवणाआधी चाळीस पोरं उरकायची होती.
कुबानिचनं उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला
आणि पाचव्या ओळीपर्यंत म्हणून टाकलं,
श्वाससुद्धा घेतला नाही.
मी लिहिलं : निरोगी.
वर खिशातला कुरुतचा गोळा दिला, म्हटलं, हुशार आहेस रे.
होताच तो हुशार.

अशा डोळ्याला लोक आळशी म्हणतात.
मला नाही पटत. त्याला कुणी काम सांगितलंच नव्हतं.
शेजारचा एकटाच सगळं उरकत होता,
घरातल्या थोरल्या पोरीसारखा,
आणि धाकट्याला झोप लागून गेली.

चौदाव्या वर्षी बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं.
'पाचव्या वर्षी आणला असता तर...'
म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य
माझ्यासाठी तसंच ठेवून दिलं.

तो मला कधी बोलला नाही.
बाजारात भेटला की घरी नेतो, चहा ओततो.
किटलीची चोच आधी वाटीच्या काठाला टेकवतो,
मग तिरपी करतो.
एकदा गप्पांच्या नादात टेकवायची राहिली.
चहा वाटीच्या पलीकडे, दस्तरखानावर.
त्याच्या बायकोनं काही न बोलता फडकं फिरवलं.
मी पावाचा तुकडा हातात धरून बसले,
खाल्ला की नाही, आठवत नाही.

तेव्हापासून मी दार लावून घेते.
छडी खालून वर नेते, मधूनच उडी मारते.
तळव्यावर विश्वास नाही, बोटांना फटी असतात;
बहीण नमद्याच्या सतरंज्या शिवते,
तिच्या कातरणांतून डोळ्याएवढ्या टिकल्या कापून आणते.
शिक्षकांना विचारत सुटते :
मान कलती करून कोण वाचतं? चेंडू कुणाच्या हातातून निसटतो?
अक्षरं न येणाऱ्यांसाठी तक्त्याशेजारी चित्रं लावलीत,
घोडा, तंबू, किटली, बदक.
माझं बदक जरा घोड्यासारखंच दिसतं, ते असो.

या सप्टेंबरात कुबानिच दारात.
कडेवर उमसुनाय, चार वर्षांची, नाक वाहतंय.
'शाळेला अजून अवकाश आहे, ताई. पण बघा.'

डावा झाकला, तिनं सगळं सांगितलं. बदकसुद्धा.
उजवा झाकला.
ती गप्प. मग टिकली ओरबाडून काढली,
आणि चिडून म्हणाली, 'तिकडे धुकंय.'

माझ्या हातातली छडी खाली आली.
कुबानिच मात्र हसला, ओले डोळे पुसत,
'माझ्यासारखी खोटं नाही बोलली, बघा.'

चष्मा मिळाला, निळ्या काड्यांचा.
रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी.
'त्यानं काय केलं?' ती विचारते.
काही नाही गं, त्याला सुटी आहे.
पट्टीच्या वेळेला ती मेंढ्यांच्या मागे लपते,
आई शोधून आणते, ती पुन्हा लपते.
एकदा पट्टी कुत्र्याच्या डोळ्यावर सापडली.

वहीत मी आता निरोगी लिहीत नाही,
ओळी लिहिते, एकेका डोळ्याच्या.
उमसुनाय, डावा : ऑक्टोबरात एक.
जानेवारीत एकच.
मी काही बोलले नाही, कुबानिचही नाही.

मार्चमध्ये, उजवा झाकून,
ती किटलीपाशी अडखळली, घोडा चुकली,
मग मान पुढे काढून बोट रोखलं
शेजारच्या जुन्या तक्त्याच्या तळाशी,
'आणि तो काळा ठिपका?
तो कुठल्या ओळीत धरायचा?'

एकतीस वर्षांत
तो कुणीच पाठ केला नव्हता.