दुसऱ्या मजल्यावरची खोली

तळमजला आधीच बाद केला.
तिथे भिंतीवर कमरेएवढी रेघ आहे,
पाणी कुठवर चढलं होतं त्याची;
दरवर्षी रंग देतात, दरवर्षी ती परत दिसते.
वरचा मजला गळका.
पहिल्यावर तिजोरी, ती हलवणार कोण?
माझगावच्या आमच्या बँकेत मग उरली
बायकांची खोली.
डोक्यावरून पाइप नाही, खाली लोखंडी तुळया,
भार पेलेल, असं कागदावर मीच लिहिलं.

बाकडं निघालं. डबे गरम करायची शेगडी निघाली.
खिडकी विटांनी बुजवताना
गोदीतली पिवळी क्रेन आधी अर्धी झाली,
मग नुसता तिचा हूक, मग गिलावा.
खारी हवा तांबं खाते म्हणून फटीफटीत सीलंट,
उंदरांच्या वाटांवर पत्रा,
दीड फूट उंच खोटी जमीन,
खाली केबलींचे झुबके, दोन्ही टोकांना नावं लिहून.
मोईझभाईंनी विचारलं, मॅडम, आरसा?
कडेला चिकटलेल्या टिकल्या, चाळीसेक,
काळ्या, लाल, एकच हिरवी.
काढा, म्हटलं.

हेमांगी चुरी पिशवी भरता भरता म्हणाली,
"साधा पंखा मागितला, तर चार वर्षं लागली.
यांना बावीस डिग्री, चोवीस तास.
मी इथे दूध काढायचे गं, बाळंतपणानंतर."
मी गप्प. मीही काढायचे,
आता बॅटऱ्या आहेत त्या कोपऱ्यात.
डबे आम्ही हल्ली जिन्याखाली खातो.

चाचणी रविवारी, रात्री अडीचला.
मेन स्विच पाडला.
इमारतीचे सगळे आवाज खाली बसले.
जनरेटर खोकला, थांबला, पुन्हा खोकला.
अकरा सेकंद.
आत एकही दिवा चुकला नाही.
लाखभर खातेदार कूस बदलून झोपले असतील,
आणि माझ्या अंगावर काटा,
थंडीचा नव्हे, एवढं कबूल करते.

खोलीची कार्डं फक्त चार.
एक माझ्या पर्समध्ये. पर्स टेबलावर.

तिसऱ्या महिन्यात तपासनीस आले.
तापमान बघितलं, धुराचे सेन्सर, नोंदवही,
आणि शेवटच्या रॅकच्या काचेशी थबकले.
कडेला, माझ्या डोळ्यांच्या जरा खाली,
एक हिरवी टिकली.
"हे काय?"
"खूण आहे."
"कसली?"
मशिनींचा आवाज एवढा होता
की ऐकू आलं नाही, असं दाखवता आलं.