कावळ्याच्या बाजूने

रास अल खैमा. क्यूब फोडायच्या यंत्रापाशी मी,
आणि टेबलावर हद्दादसाहेबांनी आपटलेला कागद:
जरवलीच्या ट्रकचे दहा ठोकळे,
त्यांतले सात मधल्या रेघेच्या खाली.
"ड्रममध्ये पाणी ओततो. घरी पाठव त्याला."

ओतणारे ओततात. शेहेचाळीस डिग्रीत
काँक्रीट वाटेतच आळायला लागतं,
साइटवर पंपवाला शिव्या घालतो,
नळी हाताशी असते.
पण दहात सात म्हणजे किती?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला...
हे काही साहेबांना सांगता येईना,
म्हणून खिशातून दिरहॅम काढला.
एका बाजूला किटली, दुसऱ्या बाजूला आकडा.
म्हटलं, आधी धरून चालू, जरवलीने काही केलेलं नाही.
विश्वास म्हणून नाही, नुसतं धरू,
गणितात क्ष धरतो तसं.
मग ठोकळा वर की खाली
हे या नाण्याइतकंच आंधळं.
उडवा दहादा.

साहेबांनी उडवलं. चार किटल्या.
पुन्हा. पाच. मग सहा. मग तीन.
पाचव्या की सहाव्या खेपेला सात आल्या
आणि साहेब नाण्याकडे बघतच राहिले,
जणू त्यानेही पाणी ओतलंय.

सहा खेपांत साधारण एकदा असं होतंच,
कुणी काही न करता.
नऊ आले असते तर मीच कागद उचलला असता.
तेवढी फांदी आपोआप
शंभरात एखाद्या वेळीच मोडते.

"तुझी रेघ कुठे?"
विसात एक. ठोकळे फोडायच्या आधीच वहीत लिहिली होती.
"पाचात एक कर."
आकडे बघून हलवली तर ती रेघ नाही, साहेब, दोरी,
आणि गळा आधीच ठरलेला.

खरं सांगायचं तर रात्री मला झोप लागली नाही.
चूक दोन्हीकडे बसलेली आहे:
न केलेल्या पाण्यासाठी एक माणूस बन्नूला परततो,
एजंटाचं कर्ज तसंच;
नाहीतर केलेलं पाणी सुकतं, स्लॅब होतं,
खाली कुणीतरी पाळणा टांगतं.
एकीला दूर ढकललं की दुसरी जवळ सरकते.
दोघींनाही लांब ठेवायचं तर एकच उपाय,
अजून ठोकळे. अजून अठ्ठावीस दिवस.
तेवढे मी मागून घेतले.

संध्याकाळी जरवली चहा घेऊन आला.
"मी सुटलो ना, उस्ताद?"
सुटलास असं नाही. धरता आलं नाही,
एवढंच लिहिलंय.
त्याला ते आवडलं नाही.
ग्लास अर्धा ठेवून गेला.

मी खिडकीतून पाहिलं. त्याच्या ट्रकला नळी गुंडाळलेली,
खाली जमीन ओली.
धुतला असेल. पाळी संपली की सगळेच धुतात.
त्या ओलीत एक कावळा
चोच बुडवून पाणी पीत होता.