अंबाडीचा रकाना

तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट दुपारी थांबते,
आमचा विभाग : चार खोल्या, उणे ऐंशीचा एक फ्रीज,
आणि बाहेर बाकड्यावर एप्रिल.
पाटी इतकी लांब की
'वैयक्तिक हृदय व मज्जासंस्था उपचार' लिहून होईतो
रंगाऱ्याची जागा संपली.
'संशोधन' खाली गेलं, बारीक अक्षरात.

मी रक्त काढते.
नळीवर नाव लिहायचं नाही, आकडा लिहायचा.
सत्तेचाळीस म्हणजे राजेशम बोद्धूल,
राहणार जोडबसवण्णा चौकाच्या मागे,
चाळीस वर्षं चादरीचा माग,
आता डावा हात स्वतःच्याच मांडीवर
कुणा पाहुण्याचा असावा तसा ठेवलेला.

काळीज भलत्याच तालात धडधडलं,
एक गुठळी सुटली, वर मेंदूत जाऊन बसली.
हत्तुरे बाईंनी कागदावर काढून दाखवलं.
ते म्हणाले, कळलं. धोटा उडाला.

ईसीजीची पट्टी त्यांनी अंगठ्यानं तपासली
कापड तपासतात तशी :
इथं सूत तुटलंय. इथं पुन्हा.
तिथेच तुटलं होतं.

मग जनुकांचं सांगायची वेळ आली.
बाईंनी घसा साफ केला, तेवढ्यात तेच म्हणाले,
जेकार्डचे पुठ्ठे ना, बाई?
भोकं असतील तसा मोर उठतो.
एक भोक चुकलं की मान वाकडी,
आणि मग प्रत्येक चादरीत वाकडी.
तेव्हापासून बाई विद्यार्थ्यांना
दुसरं उदाहरण देत नाहीत.

त्यांचे पुठ्ठे आम्ही वाचले.
रक्त पातळ करायची गोळी किती लागेल
यंत्रानं दोन दशांशांपर्यंत सांगितलं.
रक्त ऐकेना.
एका महिन्यात पाण्यासारखं, दात घासताना बेसिन लाल,
पुढच्या महिन्यात काकवी.
पुण्याहून फोन : नमुना पुन्हा पाठवा.
फ्रीज तपासला. नळ्या तपासल्या. मला तपासलं,
माझा सात आणि एक सारखाच दिसतो म्हणे.

पोशव्वा नवऱ्याबरोबर येते.
बोलता बोलता तिची बोटं विडी वळत राहतात,
हातात पान नसलं तरी.
त्या दिवशी तिनं बाकड्यावर डबा उघडला
आणि आंबट वास थेट आतल्या खोलीपर्यंत आला.
अंबाडी. लसूण. वर लाल मिरचीचं तेल.
'बहीण धाडते करीमनगरहून.
आली की पंधरा दिवस हेच,
संपली की मग नाही.'

मी सुई खाली ठेवली.
आमच्या फॉर्मात एकशे बारा रकाने :
तंबाखू, दारू, झोप,
वडील कशानं गेले, आजोबा कशानं गेले.
हिरव्या पाल्याचा एकही नाही.

बाईंनी डब्यात बोट घालून चाखलं.
पोशव्वा घाबरली : बंद करू का?
'बंद कशाला? रोज दे. पण रोज एवढीच.'
औषधाच्या बाटलीचं झाकण दाखवलं,
मग ते फारच लहान वाटून चहाची वाटी.
'गोळी आम्ही अंबाडीला धरून बसवू.'

अहवालात हे कसं लिहावं
यावर दोन बैठका झाल्या.
'आहारातील बदलते घटक' असं छापून आलं.
माझ्या वहीत अंबाडीच आहे,
पेनानं आखलेला एकशे तेरावा रकाना,
थोडा तिरका.

एकतीस नंबर मार्चपासून येत नाही.
फोन लागतो, कुणी उचलत नाही.
तिची नळी आहे फ्रीजमध्ये, बर्फ झालेली.
तिला काय आवडायचं जेवायला
मी कधी विचारलं नव्हतं.

सत्तेचाळीस आज आले. रक्त जागेवर आहे.
उजव्या हातानं डावा उचलून
त्यांनी टेबलावर ठेवला, म्हणाले,
ह्यातनं काढ पोरी,
ह्याला टोचलेलं कळत नाही.

नियम उजव्याचा आहे.
मी उजव्यातनंच काढलं.
तोवर डावा पोशव्वानं धरून ठेवला,
तेवढा वेळ तिची बोटं थांबली.