कव्हर

सुंदरलँडला, रोकरच्या समुद्राकडे पाठ करून बसलेल्या
एका पबात
दर गुरुवारी कितागावासान तेच गाणं म्हणायचे.
कारखान्यात ते गाड्यांच्या दारांच्या फटी मोजत,
मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत.
इथे सूर सापडायचा नाही, आणि त्यांना चालायचं.

गाण्यात एवढंच आहे:
एक बाई त्याच्या घराची किल्ली पाकिटात घालून
पोस्टाने परत पाठवते.
तिसऱ्या कडव्यात पाकीट माघारी येतं,
तिकीट कमी पडलं म्हणून.

मी घरी जाऊन सगळी शोधली.
मूळ बाई 'किल्ली'च्या आधी श्वास घेते,
तो ऐकू येतो.
एका पुरुषाने गायलंय, मागे वीस व्हायोलिनं,
जणू पाकीट त्याच्याच दारात पडलंय आणि तो वाकत नाहीये.
होनोलुलूच्या दोघी बहिणी ते उकुलेलेवर गातात,
हसत हसत.
ते काही ऐकवत नाही.
एका पोराने तिसरं कडवंच गाळलंय.
त्याच्या गाण्यात पाकीट पोचतं.
ते मी एकदाच ऐकलं.

याला कव्हर म्हणतात.
माझ्या लेखी कव्हर म्हणजे जूनमधला खाकी कागद,
बाबांच्या हाताला लागलेली खळ,
वर नाव, इयत्ता, तुकडी.
आतलं पुस्तक शेजारच्या मुलीचं, गेल्या वर्षीचं,
हे वर्गात कुणाला कळायचं नाही.
समासात मात्र तिची पेन्सिल असायचीच.

या गुरुवारी कितागावासान आले नाहीत.
नागोयाला गेले, कायमचे, मॉरीन म्हणाली.
तरी सवयीने तिने गाणं लावलं.
पडद्यावर अक्षरं रंग बदलत पुढे सरकत राहिली,
माईक कुणी उचलेना.
मग ग्लास पुसता पुसता तीच गाऊ लागली.
जपानीचा गंध नाही;
नऊ वर्षं कानावर पडलेलं, शब्दांचं नुसतं माप,
आणि जिथे ते बेसूर व्हायचे
तिथे नेमकी बेसूर.

तिसऱ्या कडव्याला मी तोंड उघडलं. मराठीत.
'तिकीट कमी पडलं' एवढंच चालीत बसलं,
बाकीचं सांडलं.
कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पर्समध्ये लीड्सच्या घराची किल्ली आहे.
कुलूप त्याने केव्हाच बदललं असणार.
पोस्टाच्या काट्यावर ठेवून
किती पेन्सचं तिकीट लागेल ते
मी अजून विचारलेलं नाही.