दाट पाणी

आगरवाड्याच्या बालवाडीत, मार्चअखेर,
पत्र्याच्या टबात नळाचं पाणी
आणि पाच काजूबिया, टरफलासकट.
मी काहीच म्हटलं नाही.
चार गेल्या तळाला, एक राहिली वर.
बोटानं दाबली तरी पुन्हा वर,
हट्टी.

'ती पिशी,' मॅलिटा म्हणाली.
'तिका पोवंक येता,' सिप्रियान.
चिकानं हात भाजतील म्हणून सगळ्यांना लांब बसवून
मी ती दगडानं फोडली.
आत गर नव्हताच. काळी भुकटी, आणि वारा.
रांगेनं वास घेतला.
एकीला शिंक आली, तीही मी प्रयोगात धरली.

शाणू तेवढा बोलला नाही.
तो बोलतच नाही.
टाचांना भेगा, भेगांत पांढरं,
बापामागून आगरात चालून चालून.

दुसऱ्या दिवशी तो तांब्या घेऊन आला.
आगरातलं पाणी, शेवटच्या खणातलं,
मीठ धरायच्या बेतात आलेलं.
कुणाला न विचारता पातेल्यात ओतलं,
कालची बुडालेली बी उचलली,
सोडली.

बी तरंगली.

वर्गात असा गिल्ला झाला
की उशिरा निघालेला पदेर
सायकल धरून दारात थांबला.
कसं रे, शाणू?
त्यानं माझं बोट धरून पाण्यात बुडवलं,
अंगठ्यावर घासायला लावलं.
'दाट,' म्हणाला. 'दाट उदक.'
जूनपासूनचे त्याचे पहिले दोन शब्द.

घनता मला येते.
परीक्षेत दोन गुणांना लिहिली होती,
व्याख्या, सूत्र, एकक.
बोटाला लागली ती त्या दिवशी.

मग पेडण्याहून मॅडम आल्या, तक्ता घेऊन:
रंग ओळखतो का. दहापर्यंत मोजतो का.
पूर्ण वाक्य बोलतो का.
शाणूच्या ओळीवर माझं पेन अडलं.
रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं,
'पाणी ओळखतो.'
मॅडमनी वाचलं. चष्मा कपाळावर नेला.
'हे कुठे मोजायचं?' म्हणाल्या,
आणि जाता जाता, कुणी बघत नाहीसं पाहून,
पातेल्यात बोट घातलं.

उरलेलं पाणी थाळीत ओतून खिडकीत ठेवलं होतं.
शनिवारी थाळीत खरखरीत पांढरं,
मधे बी, रुतून बसलेली.
मॅलिटानं आधी जीभ लावली, मग विचारलं,
'बाई, उदक खंय गेलें?'

सांगितलं नाही.
शाणू खिडकीबाहेर बघत होता,
वर.